रेस दिली तरी ई-रिक्षा हलत नाही, कधी न देताच सुटते. कंट्रोलर बदलण्याआधी या तीन वायरी बघा

नागपुरात महालच्या गल्ल्यांतून फिरणारी ई-रिक्षा कधीतरी अशी बंद पडते की चालकालाही कळत नाही नेमकं झालं काय. हेडलाइट लागतो, हॉर्न वाजतो, मीटरवर बॅटरी भरलेली दिसते, पण मूठ कितीही पिरगाळली तरी चाक फिरत नाही. मागे बडकस चौकापर्यंत गाड्यांची रांग. चालक खाली उतरतो, गाडी ढकलत कडेला घेतो आणि ओळखीच्या मिस्त्रीला फोन लावतो, "भाऊ, गाडी रेसच नाही घेऊन राहिली." तिकडून ठरलेलं उत्तर येतं, "कंट्रोलर गेला असंल."

कंट्रोलर म्हणजे सीटखाली बसवलेला खाचाखाचांचा ॲल्युमिनियमचा डबा. नवा घ्यायचा तर काही हजार रुपये जातात. दिवसाची कमाई बुडते ती वेगळी, आणि गाडी हप्त्यावर घेतलेली असेल तर बँक किंवा फायनान्सवाला तेवढा दिवस सोडून देत नाही. इतकं करून अनेकदा जुना कंट्रोलर ठणठणीतच निघतो. त्याला मुठीकडून येणारा निरोप मिळत नव्हता, किंवा चुकीचा मिळत होता. चुकीचा निरोप आला की गाडी जागेवर ठेवायची, हे तर त्याचं कामच आहे.

याच्या उलट प्रकार जास्त भीतीदायक असतो. चावी फिरवली आणि मुठीला हात न लावता गाडी पुढे सरकली. असे व्हिडिओ सोशल मीडियावर भुताटकीच्या नावाने फिरतात. हे भूत सहसा हँडलजवळच्या प्लास्टिकच्या कनेक्टरमध्ये किंवा टेप गुंडाळलेल्या एखाद्या जोडात राहतं, आणि ते पकडायला एक साधा मल्टिमीटर पुरतो.

मुठीच्या आत असतं काय?

पेट्रोलच्या ऑटोत रेस म्हणजे एक तार. मूठ फिरवली की तार ओढली जाते आणि कार्बुरेटरची झडप उघडते. तार तुटली तर मूठ हातात ढिली फिरते, म्हणजे बिघाड हाताला कळतो. ई-रिक्षाच्या मुठीत ओढणारं काही नाही. आत एक वाकडा लोहचुंबक आहे आणि त्याच्यासमोर तीन पायांचा, मुगाच्या दाण्यापेक्षा जरासा मोठा सेन्सर. त्याचं नाव हॉल सेन्सर. मूठ फिरते तसा चुंबक सेन्सरसमोरून सरकतो आणि सेन्सरमधून बाहेर पडणारं व्होल्टेज वाढत जातं. या सगळ्या जोडणीला थ्रॉटल म्हणतात.

हॉल हे माणसाचं नाव आहे. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात शिकणाऱ्या एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये सोन्याच्या पातळ पत्र्यातून वीज सोडली आणि पत्रा चुंबकाच्या क्षेत्रात धरला, तेव्हा पत्र्याच्या दोन बाजूंमध्ये अगदी किंचित व्होल्टेज तयार झालेलं त्यांना दिसलं. आज तोच परिणाम ई-रिक्षाच्या मुठीत आहे, ई-स्कूटरच्या मुठीत आहे आणि मोटरच्या पोटातही आहे. मोटरच्या आतले तीन हॉल सेन्सर रोटर कुठे आहे ते कंट्रोलरला सांगतात. हा मुद्दा पुढे तपासणीत कामाला येणार आहे.

थ्रॉटलमधून तीन बारीक वायरी निघतात. लाल वायरीतून कंट्रोलर सेन्सरला ५ व्होल्टचा पुरवठा करतो. काळी वायर म्हणजे ग्राउंड, परतीचा रस्ता. तिसरी, बहुतेक हिरवी किंवा पांढरी, सिग्नलची. "किती रेस दिली" हा निरोप या तिसऱ्या वायरीवरून जातो. ४८ व्होल्टच्या बॅटरीची ताकद या वायरींतून जात नाही. ती जाड केबलमधून कंट्रोलरमध्ये येते, तिथे तीन फेजमध्ये कापली जाते आणि मोटरकडे जाते. या तीन बारीक वायरींवरून फक्त निरोप जातो, पण त्या निरोपावर अख्खी गाडी चालते.

शून्य म्हणजे "थांब" नव्हे

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. ५ व्होल्टचा पुरवठा आहे, तर मूठ सोडल्यावर सिग्नल ० आणि पूर्ण पिरगाळल्यावर ५ असेल, असं वाटतं. मीटर लावला की आकडे वेगळेच येतात. मूठ सोडलेली असताना साधारण ०.८ ते १ व्होल्ट, आणि पूर्ण फिरवल्यावर साधारण ३.६ ते ४.२.

खालचा आणि वरचा भाग मुद्दाम रिकामा सोडलेला असतो. गाडी चालवताना सिग्नल कधीच ० वर जायला नको आणि ५ वरही जायला नको. म्हणून ० दिसला तर कंट्रोलर समजतो की वायर तुटली किंवा सेन्सरला वीजच मिळत नाही. ५ च्या जवळ दिसला तर वायर कुठेतरी चिकटली असं समजतो. बुटीबोरी किंवा हिंगणा एमआयडीसीत इन्स्ट्रुमेंटेशनचं काम करणाऱ्यांना ही युक्ती लगेच ओळखू येईल. कारखान्यातले सेन्सर ४ ते २० मिलिअँपिअरचा सिग्नल पाठवतात, ० ते २० चा नाही. कारण तेच. टाकी रिकामी आहे की वायर तुटली, यातला फरक कळला पाहिजे.

सिग्नल साधारण १.१ ते १.२ व्होल्टच्या वर गेला की कंट्रोलर मोटरला करंट द्यायला सुरुवात करतो. चांगल्या कंट्रोलरमध्ये आणखी एक सोय असते. चावी चालू केली त्या क्षणी सिग्नल आधीच वर असेल तर तो गाडी सोडत नाही. मूठ सैल होऊन सिग्नल खाली येईपर्यंत तो वाट बघतो. कोणी मूठ पिरगाळून धरली आहे आणि दुसऱ्याने चावी फिरवली, अशा वेळी गाडी उसळू नये म्हणून ही सोय. ती प्रत्येक कंट्रोलरमध्ये असतेच असं नाही, आणि स्वस्तातला डबा घेताना हे कोणी विचारत नाही.

लाल तुटली तर गाडी थांबते, काळी तुटली तर?

तीन वायरींपैकी कोणती तुटली यावर गाडी कशी वागेल ते ठरतं.

लाल तुटली की सेन्सरची वीज गेली. सिग्नल ० वर येतो आणि गाडी जागेवर राहते. सिग्नलची वायर तुटली तरी सहसा हेच होतं, कारण बहुतेक कंट्रोलरच्या आत एक रेझिस्टर सिग्नलच्या पिनला खाली ग्राउंडकडे ओढून धरतो. चालकाला त्रास होतो, पण कोणाला इजा होत नाही.

काळी तुटली तर गोष्ट बदलते. सेन्सरला ५ व्होल्ट मिळताहेत पण परतीचा रस्ता बंद झाला. अशा वेळी सिग्नल खाली येण्याऐवजी वर, पुरवठ्याच्या ५ व्होल्टकडे ओढला जाऊ शकतो. कंट्रोलरला वाटतं चालकाने पूर्ण रेस दिली. वरची मर्यादा तपासणारा कंट्रोलर असेल तर तो एरर दाखवून थांबतो. नसेल तर गाडी सुटते. लाल आणि सिग्नलची वायर एकमेकींना चिकटली तरी हाच प्रकार घडतो.

काळी वायर सगळ्यात साधी दिसते आणि जोडतानाही तिच्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. दोन टोकं पिरगाळली, वर टेप मारली, झालं काम. नागपूरच्या मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास गेला की त्या टेपचा डिंक वितळतो आणि टेप सुटून वायर उघडी पडते. जोड द्यायचाच असेल तर सोल्डर करून त्यावर गरम केल्यावर आवळणारी नळी चढवावी. ही नळी कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात थोडक्या पैशांत मिळते.

हा धोका किती मोठा मानायचा? केंद्र सरकारने ऑक्टोबर २०१४ मध्ये केलेल्या नियमांत ई-रिक्षाचा कमाल वेग ताशी २५ किलोमीटर आणि प्रवासी चार असं बंधन आलं. २५ चा वेग ऐकायला कमी वाटतो, पण त्या वेगात गाडी एका सेकंदात जवळपास सात मीटर जाते. गांधी गेटजवळ सणासुदीच्या संध्याकाळी सात मीटरच्या पट्ट्यात किती माणसं उभी असतात हे नागपूरकरांना सांगायला नको. चालक धरून पाच माणसं आणि शंभर किलोंहून जड लेड-ॲसिड बॅटऱ्या, एवढं वजन त्या वेगात मागून येतं.

पाणी शिरलं की गाडी सरकू लागते

वायर तुटली की बिघाड एकदम दिसतो. पाण्याने होणारा बिघाड मात्र हळूहळू वाढत जातो.

हँडलजवळच्या कनेक्टरमध्ये लाल आणि सिग्नलच्या पिना शेजारी-शेजारी असतात. तिथे पाणी शिरलं, त्यात धूळ मिसळली आणि पिनांवर हिरवट गंज चढला की दोघींमध्ये वीज झिरपायचा बारीक रस्ता तयार होतो. मूठ सोडलेली असताना ०.९ असणारा सिग्नल १.१ होतो, मग १.३. कंट्रोलरची सुरुवातीची मर्यादा ओलांडली की गाडी आपोआप सरकू लागते. चालक म्हणतो, "पाऊस पडला का गाडी पळून राहिली." त्याचं निरीक्षण अगदी बरोबर असतं. ज्या कंट्रोलरमध्ये सुरुवातीला अडवून धरायची सोय आहे तिथे याच बिघाडाचं लक्षण उलटं दिसतं. सिग्नल आधीच वर असल्यामुळे गाडी सुरूच होत नाही, आणि मग कंट्रोलर गेला असा निष्कर्ष निघतो.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे नागपुरात काही तासांत १०० मिलिमीटरहून जास्त पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडला आणि नाग नदीच्या काठच्या वस्त्यांत पाणी शिरलं. असल्या पुरात बुडालेल्या गाडीचा कनेक्टर तपासावा लागणार हे उघड आहे. पण रोजच्या वापरात हे नुकसान वॉशिंग सेंटरवरच्या प्रेशरच्या पाण्यानेही होतं. हँडलवर थेट फवारा मारला की पाणी मुठीच्या फटीतून आत जातं. हँडल ओल्या कापडाने पुसलं तरी चमकतं.

मीटर लावण्याआधी मागची चाकं वर

तपासणी करताना गाडी अचानक सुटू शकते, म्हणून मागची दोन्ही चाकं जमिनीपासून वर उचलून खाली मजबूत ठोकळे लावायचे आणि पुढच्या चाकाला अडण द्यायचं. एकच चाक उचलून भागत नाही. हातातली अंगठी आणि कडं काढून ठेवायचं, कारण चार बॅटऱ्यांच्या टोकांमध्ये धातू आला तर तो क्षणात लाल होतो. हे काम चौकात, रहदारीत करायचं नाही.

मल्टिमीटर डीसी २० व्होल्टवर ठेवायचा. कनेक्टर जोडलेलाच राहू द्यायचा आणि मीटरची टोकं कनेक्टरच्या मागच्या बाजूने, वायर जिथून आत जाते तिथून घालायची. कनेक्टर सुटा करून सिग्नल मोजला तर काहीच कळत नाही, कारण सेन्सरची वीजच तुटलेली असते.

आधी लाल आणि काळी. इथे ५ च्या आसपास व्होल्ट हवेत. काही कंट्रोलर ४.३ पर्यंतच देतात, तेही ठीक. शून्य आलं तर लगेच कंट्रोलरला दोष द्यायचा नाही. आधी चावीपासून कंट्रोलरकडे जाणाऱ्या बारीक वायरीवर बॅटरीचं व्होल्टेज येतं का ते बघायचं, त्यासाठी मीटर २०० व्होल्टवर. अनेकदा चावीचा स्विच किंवा फ्यूजच गेलेला असतो. ते नीट असेल तर थ्रॉटलचा कनेक्टर सोडायचा आणि कंट्रोलरच्या बाजूला परत मोजायचं. आता ५ व्होल्ट आले तर थ्रॉटलच्या आत शॉर्ट आहे, तो बदलायचा. तरीही आले नाहीत तर मोटरकडे जाणारा पाच बारीक वायरींचा कनेक्टर सोडायचा आणि पुन्हा मोजायचं. मुठीतला सेन्सर आणि मोटरमधले तीन सेन्सर सहसा कंट्रोलरच्या एकाच ५ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालतात. मोटरमधला एखादा सेन्सर शॉर्ट झाला तर तो सगळ्यांची वीज खाली ओढतो. अशी गाडी थ्रॉटल बदलून सुरू होत नाही आणि कंट्रोलर बदलूनही होत नाही. दोन्ही बदलून झाल्यावर मालक डोक्याला हात लावतो, तो याच बिघाडात. मोटरचा कनेक्टर सोडल्यावरही ५ व्होल्ट आले नाहीत, तेव्हाच कंट्रोलर गेला असं म्हणता येतं.

पुरवठा बरोबर असेल तर मीटरचं एक टोक काळ्या वायरीवर आणि दुसरं सिग्नलवर. मूठ सोडलेली असताना ०.८ ते १ दिसायला हवं. मग मूठ अगदी सावकाश फिरवायची आणि आकडा न अडखळता चढतो का ते बघायचं. तो मध्येच खाली पडला किंवा उडी मारून वर गेला तर चुंबक सैल झालेला असतो, सेन्सर गेलेला असतो किंवा वायर आत तुटलेली असते. जुन्या काट्याच्या मीटरची या कामात मजा आहे. डिजिटल मीटर आकडा बदलायला वेळ घेतो आणि क्षणभराची उडी गिळून टाकतो. काटा मात्र थरथरलेला लगेच दिसतो. तो मीटर भंगारात टाकलेल्यांनी जरा थांबायला हवं होतं.

हे सगळं बरोबर आलं तरी एक गोष्ट उरते. मूठ एका जागी धरून ठेवायची आणि हँडल पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे वळवायचं. थ्रॉटलच्या वायरी हँडलच्या मानेतून खाली जातात आणि प्रत्येक वळणाला वाकतात. महालसारख्या भागात, जिथे पन्नास मीटर सरळ जायला मिळत नाही, तिथे हे वाकणं दिवसातून शेकडो वेळा होतं. वरचं प्लास्टिक शाबूत राहतं आणि आतलं तांबं तुटतं. हँडल सरळ असताना टोकं टेकलेली असतात, वळल्यावर सुटतात. गाडी फक्त वळणावरच बंद पडते अशी तक्रार असेल तर मीटर काढण्याआधीच या जागी संशय घ्यायला हरकत नाही.

मीटर नसेल तर दुसरा मार्ग आहे. चालू स्थितीतला एखादा थ्रॉटल कनेक्टरला जोडून बघायचा, मूठ हँडलवर न चढवता, चाकं वर ठेवूनच. पाच मिनिटांचं काम. चाक फिरलं तर दोष थ्रॉटलचा किंवा त्याच्या वायरीचा. नवा थ्रॉटल काही शे रुपयांत येतो, कंट्रोलरच्या तुलनेत किरकोळ.

सिग्नल ०.८ पासून ४ पर्यंत झकास चढतोय आणि तरीही चाक फिरत नाही, असंही होतं. मग गाडीच्या मागे जाऊन बघायचं. ब्रेक न दाबता ब्रेकचा लाल दिवा लागलेला असेल तर ब्रेकचा स्विच अडकला आहे. ब्रेक दाबला की कंट्रोलर मोटरचा करंट तोडतो, म्हणून स्विच अडकल्यावर त्याला वाटतं चालक सतत ब्रेक दाबून बसला आहे. याशिवाय पुढे-मागे जाण्याचा स्विच मधोमध अडकलेला असू शकतो. किंवा बॅटरी भारावर साधारण ४२ व्होल्टच्या खाली घसरत असेल आणि कंट्रोलर तिला वाचवण्यासाठी गाडी बंद करत असेल.

जुगाड कुठे महागात पडतो?

अडकलेला ब्रेक स्विच नवा बसवण्याऐवजी त्याची वायर कापून टाकली की गाडी लगेच सुरू होते. चालक खूश, मिस्त्रीही खूश. पण थ्रॉटलने उद्या दगा दिला आणि सिग्नल ५ व्होल्टवर जाऊन बसला, तर मोटर तोडणारी शेवटची वायर तीच होती. ती कापलेली असेल तर चालक ब्रेक दाबतोय आणि मोटर त्याच वेळी पूर्ण ताकदीने पुढे ढकलतेय. ब्रेकचे पॅड झिजलेले असतील तर या ओढाताणीत मोटर जिंकते.

दुसरा जुगाड घरी पोहोचण्यापुरता केला जातो. थ्रॉटल मेला म्हणून लाल आणि सिग्नलची वायर थेट जोडायची आणि चावीने गाडी चालू-बंद करत न्यायची. म्हणजे प्रत्येक वेळी गाडी शून्यावरून थेट पूर्ण रेसवर. त्यापेक्षा ढकलत नेलेली बरी, किंवा दोर बांधून दुसऱ्या रिक्षाने ओढत नेलेली.

तिसरी चूक नवा थ्रॉटल बसवताना होते, आणि ती फक्त घाईमुळे होते. काही मुठींत रेसबरोबर बॅटरीचा दर्शक आणि चावीही असते. तिच्यातून तीनपेक्षा जास्त वायरी निघतात आणि त्यातल्या एकीवर बॅटरीचे पूर्ण ४८ व्होल्ट असतात. वायरींचे रंग प्रत्येक कंपनीचे सारखे नसतात. रंगाला रंग जोडला आणि ४८ व्होल्ट ५ व्होल्टच्या वायरीत गेले तर सेन्सर जळतो, बरोबर कंट्रोलरही जातो. काही शे रुपयांची दुरुस्ती तिथेच काही हजारांची होते. म्हणून जोडण्याआधी गाडीच्या बाजूच्या प्रत्येक वायरीवर किती व्होल्ट आहेत ते मोजायचं आणि नव्या मुठीबरोबर आलेल्या आकृतीशी ताडून बघायचं.

कारमध्ये काय वेगळं असतं?

आजच्या बहुतेक कारमध्येही ॲक्सिलरेटरला तार नसते, तिथेही सेन्सरच असतो. पण एक नाही, दोन. दोघे वेगवेगळं व्होल्टेज पाठवतात आणि गाडीचा कॉम्प्युटर सतत ते पडताळतो. दोघांचा मेळ बसला नाही की गाडी ताकद कमी करते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो.

२००९-१० मध्ये अमेरिकेत टोयोटाच्या गाड्या आपोआप वेग घेतात अशा तक्रारींचा मोठा गदारोळ झाला. तिथल्या वाहतूक सुरक्षा यंत्रणेने तपासाला नासाचे इंजिनिअर बोलावले. फेब्रुवारी २०११ मध्ये आलेल्या अहवालात बेफाम वेगाला इलेक्ट्रॉनिक्सचा दोष कारणीभूत असल्याचा पुरावा सापडला नाही. मात्र तपासलेल्या एका पेडलच्या सेन्सरमध्ये कथिलाचे केसाहून बारीक तंतू वाढलेले आणि त्यातून शॉर्ट झालेला दिसला. पिनांमध्ये नको तिथे वीज झिरपण्याचा हा प्रकार महालातल्या ओल्या कनेक्टरपेक्षा फार वेगळा नाही. फरक एवढाच की कारमध्ये दुसरा सेन्सर साक्षीला असतो. ई-रिक्षाच्या साध्या मुठीत सेन्सर एकच, साक्षीदार कोणी नाही. ती जागा ब्रेकचा स्विच आणि चालकाचा हात भरून काढतात.

नागपूर आणि ई-रिक्षा

ई-रिक्षाचा विषय नागपूरला जवळचा असण्याला राजकीय कारणही आहे. जुलै २०१४ च्या अखेरीस दिल्ली उच्च न्यायालयाने दिल्लीत ई-रिक्षांवर बंदी घातली, तेव्हा रस्ते वाहतूक मंत्री होते नागपूरचे खासदार नितीन गडकरी, ज्यांचा वाडा महालातच. त्यानंतर ऑक्टोबरमध्ये नियम आले आणि मार्च २०१५ मध्ये संसदेने मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती करून ई-रिक्षाला स्वतःची व्याख्या दिली. बॅटरीवर चालणारं, तीन चाकांचं, ४००० वॉटपर्यंतच्या ताकदीचं वाहन. मे २०१७ मध्ये ओलाने इलेक्ट्रिक टॅक्सी आणि ई-रिक्षांचा प्रकल्प सुरू केला, तोही नागपुरातच.

कायद्याने नोंदणी, परवाना आणि फिटनेस आणला. पण थ्रॉटलची काळी वायर सोल्डर केली आहे की नुसती पिरगाळली आहे, हे कागदावर दिसत नाही. ते चालकालाच बघावं लागतं.

गाडी सुटलीच तर?

दोन्ही ब्रेक एकदम दाबायचे आणि लगेच चावी बंद करायची. अनेक ई-रिक्षांत बॅटरीच्या लाइनवर एमसीबी असतो, घरच्या मीटरजवळ असतो तसाच. तो कुठे आहे हे गाडी उभी असतानाच हाताने चाचपून ठेवलेलं बरं. सीटखाली सामानाच्या मागे दडलेला एमसीबी ऐन वेळी सापडत नाही. मूठ उलटी फिरवत बसण्यात अर्थ नाही, कारण निरोप मुठीकडून येतच नसतो.

गाडी थांबल्यावर पुन्हा एकदा "बघू तरी" म्हणून चावी फिरवायची नाही. आधी प्रवासी उतरवायचे.

एक बिघाड असा असतो जो गॅरेजमध्ये सापडत नाही. सकाळी मीटर लावला की ०.८५ दाखवतो, मूठ फिरवली की नीट ४ पर्यंत चढतो, मिस्त्री म्हणतो गाडीत काही नाही. दुपारी दोनला उन्हात उभी असलेली तीच गाडी रेस घेत नाही. तापल्यावर सेन्सरचं व्होल्टेज सरकतं, कच्चा सोल्डर सुटतो, आणि संध्याकाळी थंड झाल्यावर सगळं जाग्यावर येतं. अशा गाडीचं माप गाडी तापलेली असतानाच घ्यावं लागतं. चालकाने लक्षण कधी दिसतं ते मोबाइलमध्ये टिपून ठेवलं, म्हणजे ऊन होतं की पाऊस, गाडी वळणावर होती की सरळ, भरलेली होती की रिकामी, तर मिस्त्रीचं अर्धं काम तिथेच होतं. आणि तो मीटर न लावताच कंट्रोलर बदला म्हणाला, तर लाल-काळीवर किती व्होल्ट आले एवढं त्याला विचारायचं.